वाव्हळ सरांची दुसरी पिशवी

माणसाने रविवारी सकाळी गिरणीत ज्वारी न्यावी, याला माझी हरकत नाही. मीही नेतो. पण आमचे वाव्हळ सर गिरणीत दोन पिशव्या न्यायचे. मोठ्या पिशवीत दळायची ज्वारी आणि छोट्या पिशवीत वाया घालायची ज्वारी. छोट्या पिशवीतली ते मूठमूठ काढून गिरणीत ओतायचे आणि तिचं पीठ बाहेर गायीपुढे टाकून यायचे. ज्वारीही किडकी नाही, चांगली टपोरी, मोंढ्याच्या धान्यबाजारातून निवडून आणलेली. गिरणीवाले गफूरभाई मला म्हणायचे, "सर, तुमच्या मास्तरचं दिमाग हललंय जरासं. चांगलं अनाज फेकायलेत."

गफूरभाईंना फक्त रविवार सोसावा लागे. मला बाकीचे सगळे दिवस.

आमचं कॉलेज परभणीत पाथरी रोडला. मी तिथे हिशेबशास्त्र शिकवत असे आणि वाव्हळ सर पदार्थविज्ञान. कॉलेजात संगणक आले तेव्हा प्राचार्यांनी मला संगणक केंद्राचा प्रमुख केलं, कारण माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं. वाव्हळ सरांना माझा सहायक केलं, कारण त्यांना संगणक येत होता. सरकारी कारभारात यात वावगं काही नाही. तरीही मला त्या माणसाने जो ताप दिला, तो आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

उंच, काटकुळा माणूस. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं आणि खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. बसस्टँडच्या मागे एका खोलीत एकटे राहायचे, स्वतः भाकरी थापायचे आणि तीच डब्यात आणायचे. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांच्या डब्यांत हात घालायचो. वाव्हळ सर कुणाच्या डब्यातलं घ्यायचे नाहीत. कुणी आग्रहही फार करत नसे, हे खरं. ते वर्ष नामांतराच्या आदलं. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही हे अजून लोंबकळत होतं. तो विषय निघाला आणि वाव्हळ सर दारातून आत आले, की सगळे एकदम चहात साखर ढवळायला लागायचे, ज्यांचा चहा संपला होता तेसुद्धा.

आता संगणकाचं सांगतो. प्रोग्राम दोन रूपांत मिळतो, हे मला वाव्हळ सरांमुळे कळलं आणि कळलं नसतं तर मी सुखात राहिलो असतो. एक रूप तयार. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, चालू. शहाणी माणसं हे घेतात. दुसरं रूप म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर. त्याला सोर्स म्हणतात. तो माणसाला वाचता येतो, पण यंत्राला कळत नाही. यंत्राला कळायचा तर तो त्या यंत्रावर नव्याने घडवून घ्यावा लागतो. त्याला कंपाइल करणं म्हणतात. वाव्हळ सर त्याला दळणं म्हणत.

त्यांच्या हातात तयार प्रोग्रामाची फ्लॉपी दिली, की ती कोपऱ्याला धरून ते उलटीपालटी करत आणि पहिला प्रश्न विचारत, "दळलं कुणी?"

"कुणी का दळेना, सर. चालतंय ना?"

"चालतंय हो. पण आत काय मिसळलंय, ते कोण सांगावं? आपली ज्वारी आपण उभं राहून दळून घ्यावी."

हे उभं राहणं शब्दशः. यंत्र कंपाइल करत असलं की ते खुर्चीवर बसत नसत. यंत्रावर एक हात ठेवून उभे राहत. यंत्राचा आवाज बदलला की कपाळाला आठी घालत. कुठलाही मोठा प्रोग्राम दळण्याआधी ते एक मूठभर दळत, म्हणजे एक अगदी चिमुकला प्रोग्राम. तो चालवला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'परभणी' एवढंच उमटायचं. ते उमटलं की म्हणायचे, "दगड साफ हाय. घाला आता." आपण परभणीत आहोत हे सांगायला सरकारी पैशाचं यंत्र लागतं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी पुढची फ्लॉपी घातली.

आमच्याकडे यंत्रं तीन आणि तिघांच्या तीन तऱ्हा. प्रत्येक संगणकाच्या आत एक कारभारी असतो. कुठली फाईल कुठे ठेवायची, कुणाला कधी उठवायचं, ते तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आमच्या तिघांचे तीन वेगळे कारभारी. औरंगाबादहून विकत आणलेल्या नव्या संगणकात डॉस. सरकारी योजनेतून आलेल्या मोठ्या डब्यात युनिक्स, त्याला दोन पडदे जोडलेले. आणि तिसरं एका साखर कारखान्याने भंगारात द्यायच्या ऐवजी आम्हाला देणगी दिलेलं जुनं यंत्र, हिरव्या पडद्याचं. त्याला पापडाएवढी फ्लॉपी लागायची आणि त्याचा कारभारी सीपीएम नावाचा, तो दुकानातून कधीच उठून गेला होता. आम्ही त्या यंत्राला म्हातारं म्हणायचो. एका कारभाऱ्यासाठी दळलेलं दुसऱ्याला चालत नाही. एकाच सोर्सचं प्रत्येकाकडे वेगळं दळण घालावं लागतं.

नवा संगणक खोलीच्या आत, पंख्याखाली. युनिक्स खिडकीशी. म्हातारं दाराजवळ, चपला काढायच्या जागेला लागून. आणि विद्यार्थी कुठे बसवायचे हे प्राचार्यांनी ठरवलेलं. गावात वाढलेली, टायपिंगला जाऊन आलेली मुलं नव्यावर, मधली युनिक्सवर आणि खेड्यांतून येणारी म्हाताऱ्यावर. "त्यांना काय, हात बसला म्हंजे झालं," असं प्राचार्य म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचा स्वतःचा मुलगा राजेश नव्यावर बसायचा, इतकंच.

म्हाताऱ्यावर बसणाऱ्यांत सुनीता होती, राणीसावरगावची. तिचं घर दसरा झाला की ऊस तोडायला निघायचं आणि आईबाप तिलाही नेणार होते. एक कोयता वाढला तर घराला बरं, हा त्यांचा हिशेब. तिने बापाकडून शब्द घेतला होता, की संगणकाचा शिक्का मारलेला कागद हातात पडला तर ती मागे राहील आणि नोकरी बघेल. नाहीतर टोळीबरोबर. हे तिने मला नव्हतं सांगितलं, वाव्हळ सरांना सांगितलं होतं. त्यांनी मला सांगितलं आणि वर म्हणाले, "ध्यानात असू द्या, सर." माझ्या ध्यानात काय काय ठेवायचं त्याला काही सुमार होता का?

कारण शिक्का मिळणं सोपं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमाला अजून मान्यताच नव्हती. दसऱ्याच्या आधी वरून समिती येणार होती. ती प्रत्येक विद्यार्थ्याला संगणकावर एक उतारा लिहायला लावणार, छापून घेणार आणि मग ठरवणार. मान्यता नाही तर कागद नाही आणि कागद नाही तर सुनीता उसाच्या फडात. इतकं ते सरळ होतं.

उतारा लिहायला लिहायचा प्रोग्राम हवा. प्राचार्यांच्या पुण्याच्या भाच्याने नव्या संगणकासाठी एक तयार फ्लॉपी दिली होती. कुठून उतरवून घेतली ते विचारायची तेव्हा रीत नव्हती. प्रोग्राम देखणा होता. रंगीत पट्ट्या, वर कोपऱ्यात चालणारं घड्याळ. मी ते घड्याळ प्राचार्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनगटाशी ताडून पाहिलं आणि खूश झाले. म्हाताऱ्यावर मात्र कारखान्याचा कुठलासा प्रोग्राम होता, जो प्रत्येक ओळ लिहिण्याआधी उसाच्या गाडीचा नंबर विचारायचा. मुलं बिचारी शून्य घालून पुढे जायची.

अशात वाव्हळ सरांच्या हाती एक फुकट प्रोग्राम लागला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेला, सगळ्या सोर्ससकट. त्यांची अट एवढीच, की वाट्टेल ते बदला, वाट्टेल त्याला द्या, पण देताना सोर्सही द्या. वाव्हळ सरांचा एक मित्र पुण्याला होता. त्याने तो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. मी त्या माणसाला कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "बघा सर," म्हणाले, "लोकांनी ज्वारी दिली. पीठ न्हाई."

मग सुरू झाला माझा छळ.

आधी त्यांनी तो सगळा सोर्स लांबलचक कागदावर छापला आणि स्टाफरूममध्ये भाकरी खाता खाता वाचायला सुरुवात केली. कागद टेबलावरून उतरून, खुर्चीखालून फिरून इतिहासाच्या सरांच्या पायापर्यंत जायचा. मग तिन्ही यंत्रांत फ्लॉप्या वेगवेगळ्या मापाच्या, म्हणून त्यांनी स्वतः डाग देऊन एक तार बनवली आणि ती या यंत्रातून त्या यंत्रात नेली. खोलीत येणारा प्रत्येक माणूस तिच्यात पाय अडकवून पडायचा. मी दोनदा पडलो. प्राचार्य पडले, तेव्हा मला मनातून बरं वाटलं, पण ते तेवढंच.

खरा संताप पुढे आहे. मी त्यांना अगदी समजुतीने म्हणालो, "सर, समिती काय बघणार? नवं यंत्र बघणार. त्याच्यासाठी आधी दळा. मग युनिक्स. म्हाताऱ्यावर घालू एक चादर आणि वर फुलदाणी ठेवू."

"आधी शेवटचं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जे शेवटाला हाय, ते आधी. मग बाकीचे."

"अहो, पण का?"

"नियम हाय माझा."

हा माणूस आणि त्याचे नियम. म्हाताऱ्याचं पोट इवलंसं. तो परदेशी प्रोग्राम त्यात मावेना. वाव्हळ सर रोज एकेक तुकडा काढायचे, पुन्हा दळायचे, पुन्हा मावायचं नाही. फ्लॉपी काढ, दुसरी घाल, ती काढ, पहिली घाल, आणि वर एक हात यंत्रावर. काढता काढता त्यांनी रंगीत पट्ट्या काढल्या, मदतीची पानं काढली आणि एक दिवस घड्याळही काढलं. परदेशी प्रोग्रामातही घड्याळ होतं आणि माझा सगळा धीर त्या घड्याळावर होता. मी म्हणालो, "निदान नव्यावर तरी राहू द्या ते."

"एका वर्गात तीन ताटं न्हाई लावायची, सर. म्हाताऱ्यावर जे बसंल, तेच सगळीकडं."

सांगतो ते ऐका आणि तुम्हीच ठरवा. परीक्षा तोंडावर, समिती डोक्यावर आणि हा गृहस्थ चांगल्या यंत्रावरचं घड्याळ काढतोय, कारण वाईट यंत्रावर ते मावत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण एके सकाळी नव्या संगणकावरचा भाच्याचा प्रोग्राम गायब. वाव्हळ सरांनी पुसून टाकला होता. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "चोरीचा माल होता. आणि पोरं दोन तऱ्हेचं शिकायलेत. समितीपुढं गोंधळ होईल."

राजेश घरी जाऊन रडला. प्राचार्य केंद्रात आले ते तार ओलांडून, सफारीची कॉलर सावरत. "वाव्हळ, हा इज्जतीचा सवाल हाय. कुणाच्या इजाजतीनं पुसलं तुम्ही?"

"कुणाच्या इजाजतीनं आणलं होतं, सर?"

त्यावर त्यांना मेमो मिळाला. मेमोला पुरावा म्हणून भाच्याची मूळ फ्लॉपी जोडायचं ठरलं. आमच्या ऑफिसची शिस्त चोख. कुठलाही पुरावा आला की त्याला पंचिंग मशिनने दोन भोकं पाडायची आणि टॅग ओवून फायलीला लावायचा. तसंच झालं. याची मला तेव्हा कल्पना नव्हती. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

अखेर म्हाताऱ्यावर प्रोग्राम मावला. हिरव्या पडद्यावर काहीही नटवेपणा नसलेली एक मोकळी पाटी आली आणि वाव्हळ सरांनी सुनीताला बोलावून बसवलं. तिने सवयीने आधी शून्य दाबलं आणि ते तसंच पाटीवर उमटलं.

"सर, गाडीचा नंबर विचारत न्हाई ह्ये?"

"न्हाई. तू लिही."

मग दळण युनिक्सवर आलं. तिथे ते बऱ्यापैकी लवकर झालं आणि मला जरा श्वास आला. मुलं आळीपाळीने म्हाताऱ्यावर आणि युनिक्सवर सराव करायला लागली. राजेशसुद्धा, नाक मुरडत. शेवटी नव्या संगणकाची पाळी. तर तिथला कारभारी दुसऱ्याच गोष्टींना अडून बसला. जी नावं युनिक्सला चालली ती याला लांब झाली, जिथे ओळ संपते तिथे त्याला आणखी एक खूण हवी. वाव्हळ सर एकेक दुरुस्त करत गेले. समिती यायच्या दिवशी सकाळीसुद्धा ते नव्या यंत्रावर हात ठेवून उभेच होते.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"होईलच आता."

बाहेर जीप थांबली आणि लाइट गेली.

लाइट काही मिनिटांतच आली, पण त्या मिनिटांनी आमचं वाटोळं केलं. नव्या यंत्रावरचं दळण अर्धवट राहून खराब झालं, ते पुन्हा पहिल्यापासून. युनिक्सचा स्वभाव असा, की लाइट अचानक गेली तर परत आल्यावर तो आधी स्वतःचं सगळं घर कोपरान्‌कोपरा तपासतो आणि तोवर कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नाही. दोन्ही पडद्यांवर तपासणीचे आकडे सरकायला लागले. समितीचे अध्यक्ष, एक पिकल्या केसांचे थकलेले गृहस्थ, दारात चपला काढत होते. प्राचार्य मला बाजूला घेऊन दात ओठ खात म्हणाले, "भाच्याची फ्लॉपी आणा. घाला ती. चोरीची असू द्या न्हाईतर साधूची."

मी ऑफिसात पळालो. फाईल उघडली. फ्लॉपी होती, अगदी व्यवस्थित. दोन भोकं, त्यांतून पांढरा टॅग आणि खाली गोल सही. चाळणीतून पाणी न्यावं तसा मी ती फाईल घेऊन परत आलो आणि प्राचार्यांच्या हातात दिली. त्यांनी एका भोकातून आरपार बघितलं आणि फाईल मिटली. मला वाटलं, संपलं. कॉलेजची अब्रू, माझं प्रमुखपद आणि त्या पोरीचा कागद, सगळं एकदम.

"विद्यार्थी सुरू करतायत ना?" अध्यक्ष म्हणाले.

दाराजवळून टक्‌टक्‌ आवाज आला. म्हातारं जागं झालं होतं. त्याला ना तपासणी ना मानपान. पापडाएवढी फ्लॉपी घातली की ते उठायचं. सुनीता आपल्या रोजच्या जागी जाऊन बसली होती आणि उतारा लिहायला लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

अध्यक्ष तिच्यामागे जाऊन उभे राहिले. "हे यंत्र अजून चालतं?" ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी त्यांनी अशाच हिरव्या पडद्यावर काम केलेलं असावं, कारण त्यांनी त्याच्या कडेला हलकेच हात लावून पाहिला. सुनीताने उतारा संपवला, छापला. ते म्हणाले, "ठीक. पुढचा."

पुढचा कुठे बसणार? बाकी यंत्रं अजून आपापल्या रुसव्यात होती. पण प्रोग्राम एकच होता, बटणं तीच होती, सराव सगळ्यांचा झाला होता. सगळा वर्ग म्हाताऱ्यामागे ओळीने उभा राहिला. प्राचार्यांच्या राजेशला शेवटून दुसरी जागा मिळाली, चपलांच्या ढिगाशेजारी. सगळ्यांनी लिहिलं, सगळ्यांनी छापलं. राजेशचंही झालं. ओळ संपत आली तेव्हा युनिक्स तपासणीतून बाहेर आला आणि नव्या यंत्राचं दळणही पुरं झालं, पण आता कुणाला त्याची गरज नव्हती.

मान्यता मिळाली. अध्यक्षांनी प्राचार्यांचं अभिनंदन केलं, की तीन वेगवेगळ्या यंत्रांवर एकच प्रोग्राम हा विचार फार दूरदृष्टीचा आहे. प्राचार्यांनी तो विचार आपला असल्यासारखी मान झुकवली. मी तिथे होतो. माझ्या डोळ्यांदेखत झुकवली. वाव्हळ सर मागे वाकून तार गुंडाळत होते. आणि मेमो? मेमो तसाच राहिला. समिती आली तेव्हा नवा संगणक तयार का नव्हता, हे कलम त्याला वर आणखी जोडलं गेलं.

मी धावपळ करून तो मेमो मागे घ्यायला प्राचार्यांना जवळजवळ तयार केलं होतं. वाव्हळ सरांनी फक्त दोन ओळींत दिलगिरी लिहायची होती. त्यांनी लिहिलं, "आधी शेवटचं यंत्र, हा माझा नियम आहे." खाली सही. बस्स. आता अशा माणसाचं काय करायचं? मी ठरवलं, याला समोर घेऊन विचारायचंच, की हा नियम आला कुठून आणि तो आमच्या जिवावर का.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ज्वारीची पिशवी घेतली आणि तरातरा गफूरभाईंची गिरणी गाठली. वाव्हळ सर भिंतीशी उभे होते, पायाशी दोन्ही पिशव्या. गिरणीत एका बाईची मिरची चालली होती. सगळ्यांना ठसका लागला होता. गफूरभाईंकडे दगड एकच. गहू, ज्वारी, हळद, मिरची, सगळं त्याच्यावर. मिरचीनंतर एका म्हातारीचा नंबर होता. तिचं एवढंसं गाठोडं, घरात एकटीच असावी असं.

मिरची संपली. म्हातारी गाठोडं सोडायला लागली. तेवढ्यात वाव्हळ सर पुढे झाले आणि छोट्या पिशवीतली ज्वारी त्यांनी मुठीमुठीने गिरणीत ओतली. लालसर पीठ पडायला लागलं. मग जरा गुलाबी. मग पांढरं. पांढरं आलं तेव्हा ते बाजूला झाले आणि म्हातारीला म्हणाले, "घाला आता, माय."

इतके दिवस मी समजत होतो, की हा माणूस स्वतःच्या पिठासाठी दगड धुऊन घेतो. त्यांचा तर नंबरही नव्हता.

"सर, हे काय चाललंय?" मी विचारलं. मला वाटतं माझा आवाज चढलेलाच होता.

ते गिरणीच्या आवाजात, माझ्याकडे न बघता बोलले. कॉलेजात बोलायचे तसं नव्हे, घरी बोलत असतील तसं.

"आमी बोरीचे, सर. तितं गिरणी एकच व्हती. आमच्या वस्तीचं दळण सगळ्या गावाचं झालं की घेयाचे. त्याचं काय न्हाई, थांबायची सवय व्हती आमाला. पण गिरणीवाला मिरची दळायचा ना, तर त्याला दगड साफ करायला कायतरी लागायचं. मंग आमचं दळण घालायचा. जाणून. आमच्या ज्वारीनं दगड धुवून निघायचा, अन् मंग पाटलाचे गहू."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"माय भाकर करायची. लाल दिसायची भाकर. धाकटी भैन व्हती माजी, लय बारकी. तिला तिखट सोसायचं न्हाई. ती पाण्यात बुडवून बुडवून खायची अन् रडायची. माय म्हनायची, खा, तुपाची हाय."

"बहीण कुठे असते आता?"

"न्हाई," ते म्हणाले. "बारकीच गेली ती. तापात."

मी सोबत भांडण घेऊन आलो होतो, ते माझ्या हातात तसंच राहिलं. राग तर होताच. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. बोरीचा तो गिरणीवाला समोर असता तर त्याला मी त्याच्याच दगडात घातलं असतं. आमचे प्राचार्य, झुकलेल्या मानेचे. ऑफिसातलं ते पंचिंग मशिन. तो चहा, संपल्यावरही ढवळायचा. म्हाताऱ्या यंत्राची ती चपलांजवळची जागा, जी कुणी तरी ठरवली होती आणि मी दररोज ओलांडून आत जात होतो. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि त्यातला एक कणही समोरच्या माणसावर नव्हता.

सुनीता त्या वर्षी टोळीबरोबर गेली नाही. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण तुम्हाला तेच विचारायचं असणार. गंगाखेडला एका ऑफिसात बसली, संगणकावर. जाताना वाव्हळ सरांनी तिला प्रोग्रामाची फ्लॉपी दिली, आणि दुसरीवर सगळा सोर्स. तिथलं यंत्र कुठल्या कारभाऱ्याचं असेल ते माहीत नव्हतं, म्हणून.

त्या रविवारी म्हातारीचं दळण झालं. तिने पीठ चिमटीत घेऊन बघितलं, चाखलं, गाठोडं बांधलं आणि जाता जाता वाव्हळ सरांकडे वळली.

"काय हो मास्तर," ती वैतागून म्हणाली, "माजा नंबर असताना तुमी मधीच घुसता. शिकलेली मानसं तुमी. मला घरी जाऊन चूल पेटवायचीय."

"चुकलं माय," वाव्हळ सर म्हणाले. "जा तुमी, जा."

ती पुटपुटत गेली. त्यांनी छोटी पिशवी झटकून घडी केली, खिशात घातली आणि गफूरभाईंनी नाव पुकारलं तेव्हा मला म्हणाले, "सर, तुमचं घ्या आधी. माझं राहू द्या शेवटाला."